सरांपेक्षा जड

"याच्याहून जड नाई का?" दोन्ही हातांवर लॅपटॉप तोलत देवराव सिरसाटनं विचारलं.

काउंटरमागचा नितेश गोंधळला. जठारपेठेतल्या त्या दुकानात गिऱ्हाईक हलका लॅपटॉप मागायचं, स्वस्त मागायचं, सोबत बॅग फुकट मागायचं. जड अजून कोणी मागितला नव्हता. त्यानं समजावलं की काका, हलक्याचीच किंमत जास्त असते, लोक हलक्यासाठी जीव टाकतात.

"लोकायचं जाऊ दे. तू जड दाखव."

बाजूला त्याची पोरगी ज्योत्स्ना उभी होती. लॅपटॉप तिच्यासाठी होता, पण हे तिथं कोणाच्या लक्षात होतं असं दिसत नव्हतं. सीईटीत तिला इतके चांगले पर्सेंटाइल पडले होते की अमरावतीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटरला नंबर लागणार हे जवळपास ठरलेलंच होतं. महिनाभर मोबाइलवर शोधून तिनं एक लॅपटॉप पसंत केला होता. सॅकमध्ये मावेल, दिवसभर चार्जिंगशिवाय चालेल, चार वर्षं कोडिंगला पुरेल असा. तो समोरच काचेत होता. तिनं बोट दाखवलं.

देवरावनं बोटाच्या दिशेनं पाहिलं. "हे तं पाटी हाय," तो म्हणाला.

मग त्यानं खिशातून मोबाइल काढून नितेशसमोर धरला. त्यात एका दुसऱ्याच लॅपटॉपवरच्या स्टिकरचा फोटो होता. एका लग्नात, वऱ्हाडी मंडळी जेवायला बसलेली असताना, देवरावनं तो गुपचूप काढून आणला होता.

"याच्यावर जे जे लिहेल हाय ना, त्याच्या वरचं पायजे. सगळंच वरचं."

नितेशनं फोटो मोठा करून वाचला आणि त्याचे डोळे चमकले. "म्हणजे काका, तुम्हाला गेमिंगचा लागते."

"गेम नाई खेळाचा. शिकाचं हाय तिले."

"गेमिंगचा म्हणजे ताकदीचा, काका. मोठे मोठे सॉफ्टवेअर पाण्यासारखे चालतात त्याच्यावर."

ताकदीचा म्हटल्यावर प्रश्नच मिटला. नितेशनं आतून जो काढला तो त्याला स्वतःलाच दोन हातांनी उचलावा लागला. चार्जर विटेएवढा होता. चालू केल्यावर बटणांखालून लाल, हिरवे, जांभळे दिवे धावायला लागले. देवरावनं विचारलं, एकच रंग ठेवता येतो का. येतो म्हटल्यावर त्यानं निळा ठेवायला सांगितलं. मग नितेशनं एक गेम लावून दाखवला, तसा आतला पंखा असा घोंघावला की रस्त्यावरचा एक माणूस थांबून आत पाहायला लागला.

"आणखी आवाज होते का?" देवरावनं आशेनं विचारलं.

ज्योत्स्नानं शेवटचा प्रयत्न केला. "बाबा, हा मी रोज कॉलेजात उचलून नेऊ कशी?"

"न्यायचा कायले? लोक येतील पाहाले."

लोक म्हणजे एकच माणूस, भगवंतराव वानखडे. देवरावचे थोरले साडभाऊ, त्याच्या बायकोच्या, सुंदराबाईच्या, मोठ्या बहिणीचे यजमान, राहणार अमरावती, साईनगर. हायस्कूलात शिक्षक होते, पुढे हेडमास्तर होऊन निवृत्त झाले, पण सर हे पद त्यांना शाळेनं दिलेलं नव्हतं, त्यामुळे शाळा ते परत घेऊ शकली नाही. अख्खं सासर त्यांना सर म्हणायचं. त्यांची बायको सत्यवती त्यांना सर म्हणायची. फोटो त्यांच्याच पोराच्या, स्वप्निलच्या, नव्या लॅपटॉपचा होता.

आणि मूळ भांडण वीसेक वर्षांपूर्वीचं होतं.

तेव्हा सरांनी कॉम्प्युटर घेतला. नात्यात पहिला. त्यासाठी सगळं सासर अमरावतीला गोळा झालं. नवीनच लग्न झालेला देवराव रजा टाकून गेला. सरांनी सगळ्यांच्या चपला बाहेर काढून घेतल्या, पाय धुवायला लावले आणि मंडळींना खोलीत रांगेनं उभं केलं. कॉम्प्युटरवरचं गुलाबी कव्हर त्यांनी असं ओढलं की पुतळ्याचं अनावरण असावं. लोकांनी टाळ्यापण वाजवल्या. टेबलावर तो उंदरासारखा दिसणारा माऊस होता, आणि देवरावला राहवलं नाही. त्यानं त्यावर हात ठेवला.

"देवराव, हात लावू नका," सर म्हणाले. "ते तुमचं काम नव्हे. तुम्ही आपला भोंगा सांभाळा."

भोंगा म्हणजे देवरावची नोकरी. अकोल्याच्या स्टँडवर गाड्या कुठल्या फलाटावर लागतात ते माईकवर सांगायचं. परतवाडा, अचलपूर, मूर्तिजापूर, दर्यापूर. अर्ध्या जिल्ह्याला तो आवाज ओळखू येतो आणि त्या आवाजाचा माणूस पानठेल्यावरही कोणाला ओळखू येत नाही.

खोलीत सगळे हसले. सासरा हसला, मेव्हणे हसले, नवी नवरी सुंदराबाईही हसली आणि मग तिनं तोंडाला पदर लावला. हात लावू नका हे वाक्य देवराव आणि सर, दोघांच्याही आज्यांनी विहिरीवर आणि देवळाच्या पायरीवर पुष्कळ ऐकलं होतं. तेच आता आपल्या माणसाच्या घरात, आपल्याच माणसाच्या तोंडून, बीएडच्या शुद्ध भाषेत ऐकायला मिळालं, एवढीच काय ती प्रगती.

देवराव तेव्हा काही बोलला नाही. पुढेही बोलला नाही. लग्नांत, बारशांत, विहारातल्या वर्षावासाच्या कार्यक्रमांत तो सरांना पाणी देत राहिला, सर म्हणत राहिला आणि मनात वाट पाहत राहिला.

ज्योत्स्नाचा निकाल लागला त्याच संध्याकाळी सरांचा फोन आला. अभिनंदन केलं, उपदेश केला आणि शेवटी म्हणाले की स्वप्निलचा जुना लॅपटॉप पडलेलाच आहे, पोरीसाठी घेऊन जा, उगाच खर्चात पडू नका. ज्योत्स्ना लगेच म्हणाली, घेऊ ना बाबा, चांगला हाय तो. देवरावनं फोनवर सरांना हो हो केलं, फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पतपेढीत जाऊन कर्जाचा फॉर्म भरला.

बेत साधा होता. सरांना सहकुटुंब जेवायला बोलवायचं. लॅपटॉप हॉलमध्ये मांडायचा. सर त्याला हात लावायला गेले की सगळ्यांसमोर म्हणायचं: सर, हात लावू नका, ते तुमचं काम नव्हे. बस. याच्यापलीकडे देवरावला आयुष्याकडून काही नको होतं.

आठवडाभर तो न्हाणीत हे वाक्य घोकत होता. एकच अडचण होती. इतकी वर्षं माईकसमोर बोलून त्याच्या जिभेला वळण पडलं होतं. कोणतीही महत्त्वाची गोष्ट सांगायची म्हटली की तोंडातून आधी 'कृपया लक्ष द्या' बाहेर पडायचं, मगच पुढचं. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यानं सुंदराबाईला सिनेमाला चल म्हणून असंच विचारलं होतं. न्हाणीतून आवाज यायचा, कृपया लक्ष द्या, सर, हात लावू नका. सुंदराबाईला वाटलं, स्टँडवर कोणी नवा साहेब आला असेल.

रविवार उजाडला तोच तापलेला. मृग निघून गेला होता, पाण्याचा पत्ता नव्हता आणि अकोला नेहमीसारखं भट्टीवर होतं. नितेशनं लॅपटॉप देताना बजावलं होतं की काका, ताकदीची मशीन आहे, गरम होते, थंड जागेत ठेवा. आता सिरसाटांच्या घरात थंड जागा एकच, कूलरसमोर. देवरावनं टेबल ओढून थेट खिडकीतल्या लोखंडी कूलरला भिडवलं, लॅपटॉपची पाठ कूलरच्या जाळीला टेकवली, टाकी गळ्यापर्यंत भरली, कूलरच्या गवताच्या ताट्या ओल्याचिंब केल्या आणि सकाळपासून गेम लावून ठेवला. लॅपटॉपचा पंखा आणि कूलरचा पंखा यांची जुगलबंदी सुरू झाली. दुपारपर्यंत स्क्रीनवर दव पडलं.

"बाबा, हे ओलं होऊन राहिलं," ज्योत्स्ना म्हणाली.

"गार पडून राहिलं," देवरावनं दुरुस्ती केली.

त्या कूलरबद्दल एक सांगायला हवं. त्याच्या पत्र्यात करंट उतरायचा. होळीपासून इलेक्ट्रिशियन उद्या येतो म्हणत होता. पण वऱ्हाडात असा कूलर घरोघर असतो आणि त्याच्यासोबत राहायची रीतही घरोघर असते. पाणी भरताना बटण बंद करायचं, हात लावायचाच तर उलटा लावायचा, म्हणजे झटका बसला तरी मूठ आवळत नाही, आणि पायात रबरी सपाता घालायच्या. सिरसाटांच्या घरी कूलरजवळ सपातांचा एक जोड कायम पडलेला असायचा. त्या दिवशी देवरावनं तो उचलून पलंगाखाली सारला. सरांना अनवाणी उभं करायचं होतं. वाईट हेतू एवढाच होता.

दुपारी मंडळी आली. सर, सत्यवती आणि स्वप्निल. देवरावनं दारातच अदबीनं सांगितलं की सर, चपला बाहेर, आत मशीन आहे. सरांनी चपला काढल्या. त्यांना काही वाटलं नाही, सगळ्याच घरांत काढतात. देवरावचा पहिला वार असा पाण्यात गेला.

स्वप्निल लॅपटॉप पाहून थबकला आणि मनापासून म्हणाला, "मावसाजी, भल्ला पॉवरफुल हाय हो. माह्यापेक्षा किती वरचा हाय हा." पण त्याची गणतीच नव्हती. सरांनी दुरून एकवार पाहिलं, छान आहे म्हणाले आणि दिवाणावर जाऊन बसले.

मग देवरावची खरी पंचाईत झाली. ज्याला हात लावू नका म्हणायचं त्यानं आधी हात तर लावायला पाहिजे. तो सरांना म्हणाला, जवळून पाहा ना. सर म्हणाले, दिसतंय इथून. तो म्हणाला, बटणाखाली लाइट लागते. सर म्हणाले, चष्मा विसरलो. त्यानं गेमचा आवाज वाढवला. सरांनी सत्यवतीला विचारलं, बाहेर ट्रॅक्टर उभा आहे का. सुंदराबाई दोनदा ताटं घेऊ का म्हणून विचारून गेली, दोनदा त्यानं तिला हातानंच परतवलं. रस्सा तिकडं आटत होता, इकडं सूड.

आणि मग सर, पाणी पिऊन, प्रसन्न होऊन, आठवणीत शिरले.

"तुला माहीत नसेल ज्योत्स्ना बेटा," ते म्हणाले, "पण तुझ्या बाबांना पहिल्यांदा माऊस धरायला मी शिकवलं. आमच्याच घरी. आठवतं ना देवराव? हात थरथरत होता हो यांचा. मी म्हटलं, घाबरू नका, आपलंच आहे."

सत्यवतीनं मान हलवली. वाईट म्हणजे, दारात उभ्या असलेल्या सुंदराबाईनंही हलवली. देवराव एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिला. ज्या अपमानावर तो वीस वर्षं जगला होता, तो त्याच्याशिवाय कोणाजवळ शिल्लकच नव्हता. सरांनी तोही वापस घेतला होता आणि त्या जागी उपकार ठेवून दिला होता.

"ये, तुलाही दाखवतो," म्हणत सर उठले.

घरी एसी आल्यावर माणूस काही विद्या विसरतो. सर ओल्या फरशीवरून अनवाणी टेबलाकडे आले, एक हात लॅपटॉपकडे नेला आणि वाकताना तोल सावरायला दुसरा हात, सरळ हात, कूलरच्या जाळीवर ठेवायला गेले. देवरावला दोन्ही हात दिसले. क्षण आला होता. त्यानं खाकरून घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली.

"कृपया लक्ष द्या..."

"माय वो!" सर ओरडले. शुद्ध भाषा जागच्या जागी गेली. "मेलो वो माय, धरलं मले यानं, सोडवा रे!"

मूठ जाळीवर आवळली गेली होती आणि सर उभ्या उभ्या थरथरत होते. सत्यवती त्यांच्याकडे धावली तशी ज्योत्स्नानं तिला मागून कवळा घालून अडवलं. स्वप्निल मेन स्विच शोधत भलत्याच खोलीत शिरला. कूलरला चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नसतो, कोरड्या लाकडानं मारायचं असतं, हे मात्र देवरावला विसरणं शक्य नव्हतं. पलंगाला मच्छरदाणीचा बांबू बांधलेला होता. तो त्यानं उपसला आणि सरांच्या मनगटावर हाणला.

एकाच फटक्यात मूठ सुटली. सर मागे दिवाणावर आदळले, हात तसाच हवेत. ते मोकळे झाले होते, हे देवरावनं नीट पाहिलं.

आणि मग त्यानं दुसरा मारला.

दुसरा पहिल्यापेक्षा नेमका बसला. कडकन आवाज झाला. त्याच वेळी स्वप्निलला मेन स्विच सापडला आणि घर एकदम शांत झालं. दोन्ही पंखे थांबले. लॅपटॉपचे निळे दिवे एकदा लागले, विझले आणि कीबोर्डमधून टेबलावर पाण्याची बारीक धार लागली.

देवराव हातात बांबू घेऊन उभा होता. आता सगळं बाहेर येणार, असं त्याला वाटलं. खरं म्हणजे यावं असंही वाटलं. पण सत्यवती रडत येऊन त्याच्यासमोर हात जोडून उभी राहिली. भाऊ, तुमच्यामुळं कुंकू राहिलं म्हणाली. सुंदराबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं सिनेमालाही कधी पाहिलं नव्हतं. आणि सर, घामाघूम, मनगट छातीशी धरून, म्हणाले, "देवराव, तुमी होते म्हणून वाचलो."

वीस वर्षं ज्याला मारावंसं वाटत होतं त्याला मारलं होतं, हाड मोडेस्तोवर मारलं होतं, आणि त्यानं वरून आभार मानले होते. देवरावनं बांबू परत पलंगाला बांधून ठेवला.

दवाखान्यात प्लास्टर होईपर्यंत सरांनी डाव्या हातानं सगळ्या नातलगांना फोन लावले. देवरावचं प्रसंगावधान, देवरावचं धाडस. डॉक्टरनं विचारलं, करंट लागल्यावर हाड कसं मोडलं. सर अभिमानानं म्हणाले, साडभाऊ आहेत माझे, जीव तोडून मारलं त्यांनी.

चौथ्या दिवशी नितेशनं लॅपटॉप उघडला आणि बराच वेळ आत पाहत बसला. मग हळूच विचारलं, "काका, हा टाक्यात पडला होता का?" पाणी गेलं की वॉरंटी जाते, हेही त्यानं सांगितलं. घरी येताना देवरावला पहिल्यांदाच तो लॅपटॉप खरोखर जड लागला.

त्याच आठवड्यात स्वप्निल येऊन आपला जुना लॅपटॉप देऊन गेला. सोबत सरांचा निरोप होता, की आता नाही म्हणाल तर मला वाईट वाटेल. देवरावनं पिशवी उघडलीसुद्धा नाही. उद्याच वापस पाठवतो म्हणाला. म्हणाला, भीक नको.

ज्योत्स्ना भाजी निवडत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"बाबा, पयल्याच फटक्यात मावसाजीचा हात सुटला होता."

देवरावनं पिशवीचे बंद आवळले.

"दुसरा काहून मारला?"

"घाईत लागला."

"मी समोर होती. तुमी थांबले, पाह्यलं आन मंग मारला." तिनं पालकाची जुडी सोडली. "मले कॉलेजात लॅपटॉप लागते. हा वापस गेला तं मी मावसाजीले फोन लावून सांगीन, काय ते."

देवराव पाहत राहिला. मानेचा तो ताठा, थंड आवाज, योग्य वेळेपर्यंत गप्प राहायची ती शिस्त. पोरगी कोणाची आहे ते विचारायची गरज नव्हती. पिशवी घरातच राहिली.

नंबर लागला. प्रवेश घ्यायला बापलेक अमरावतीला गेले. ज्योत्स्नाच्या पाठीवर सॅक होती आणि सॅकमध्ये लॅपटॉप आहे की नाही हे पाहणाऱ्याला कळतही नव्हतं, इतका तो निमूट मावला होता. काम आटोपल्यावर जेवायला साईनगरला जाणं भाग होतं. सरांनी तीन वेळा फोन केला होता.

सर दारातच उभे होते, हात गळ्यात बांधलेला. घरात शेजारचे दोघं मुद्दाम बसवून ठेवले होते. त्यांना सरांनी सगळी हकीकत पुन्हा सांगितली. तीत देवराव दारातून उडी मारून येत होता आणि बांबूची काठी झाली होती. हे ते आमचे देवराव, असं म्हणून त्यांनी डावा हात देवरावच्या खांद्यावर ठेवला. शेजाऱ्यांनी उठून नमस्कार केला. ज्योत्स्ना खाली पाहत मोबाइल चाळत होती.

पंगत बसली. हेडमास्तरांना डाव्या हातानं जेवता येत नव्हतं. चमच्यानं वरण उडत होतं, लेंग्यावर सांडत होतं. सत्यवती गॅसपाशी पोळ्यांना अडकली होती, स्वप्निल कॉलेजात होता. सरांनी दोनदा प्रयत्न केला, चमचा ठेवला आणि शेजाऱ्यांकडे न पाहता, अगदी हळू, फक्त देवरावला ऐकू जाईल असं म्हणाले, "देवराव, जरा कालवून देता का?"

देवरावनं पाण्यानं हात धुतला. सरकून सरांच्या जवळ बसला. त्यांच्या ताटातली भाताची मूद मोडली, वर वरण ओतलं, तूप सोडलं आणि बोटांनी गुठळ्या फोडत कालवायला लागला. समोरून ज्योत्स्ना पाहत होती.

"आणखी बारीक," सर म्हणाले.

त्यानं आणखी बारीक कालवला.